अन्य एका दैनिकाची प्रतिनिधी

माझी बातमी दुसऱ्याच्या पेपरात वाचायची मला आता इतकी सवय झालीय की सकाळी चहा टाकायच्या आधी मी दुसऱ्यांचेच पेपर उघडते. आपल्या पेपरात काय आलंय ते माहीत असतं, त्यातल्या चुकाही माहीत असतात. दुसऱ्यांच्या पेपरात आपलं काय आलंय, ते बघायचं. कधी हेडिंग बदललेलं असतं, कधी तेवढेही कष्ट घेतलेले नसतात. एकदा घाईत मी एका सरपंचबाईंचं वय चुकीचं लिहिलं, तर ते चुकलेलं वय दुसऱ्या दिवशी दोन पेपरांत आणि एका पोर्टलवर जसंच्या तसं हजर. सरपंचबाईंनी झापलं मात्र मला एकटीला, कारण त्यांच्याशी बोललेली मी एकटीच होते आणि त्यांच्याकडं नंबर फक्त माझाच होता.

पूर्वी तळपायाची आग मस्तकात जायची. मी फोन लावायचे, भांडायचे, कात्रणं घेऊन आमच्या संपादकांच्या टेबलावर आपटायचे. ते चष्मा वर करून म्हणायचे, "बातमी चांगली होती म्हणूनच घेतली ना त्यांनी. खूश व्हा." आता मी भांडत नाही. वाचते, घडी घालते आणि पेपर रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवते. राग गेला असं नाही, पण तो काढायचा म्हणजे पुन्हा उठून उभं राहायला लागतं, आणि तेवढा दम राहिलेला नाही.

आमचं दैनिक छोटं. गुलमंडीच्या मागच्या बोळात, साड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खाली हातगाडीवरून गठ्ठे उतरत असतात आणि वर आम्ही बातम्या लिहीत असतो. नाव सांगण्यात अर्थ नाही; शहराबाहेर ते कुणाला ठाऊक नाही, आणि शहरात जे घेतात ते बहुतेक निधनवार्तांसाठी. बातमीदारांत मी एकटी बाई. बाकीचे आले, शिकले आणि मोठ्या पेपरांत गेले. मी राहिले. कुणी बोलावलं नाही, हे एक कारण, आणि नंतर नंतर कंटाळाही आला, हे दुसरं.

आमच्या धंद्यात सकाळच्या मीटिंगला 'मिसिंग' नावाचा प्रकार असतो. सगळे पेपर टेबलावर पसरायचे आणि दुसऱ्याकडं आहे नि आपल्याकडं नाही, अशा बातम्यांवर लाल खूण करायची. मग ज्याची ती बातमी सुटली, त्यानं मान खाली घालून दुपारपर्यंत ती 'आपली' करायची. म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याला फोन करून दोन वाक्यं घ्यायची, ती वर घालायची आणि बाकीचं खाली ओढायचं. ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव घ्यायचं नाही. अगदीच अडलं तर 'माध्यमांत वृत्त येताच' असं लिहायचं, म्हणजे कोणत्या माध्यमांत ते वाचणाऱ्यानं शोधावं. हे मोठे पेपर करतात, आम्हीही करतो. आमच्या टेबलावरची लाल पेनंही संपतात. त्यामुळं साधुत्वाचा आव आणायला मला तोंड नाही.

एका बाबतीत मात्र मी हट्टी होते. आमच्याकडं एक ठरलेलं वाक्य आहे: 'प्रस्तुत प्रतिनिधीने प्रत्यक्ष भेट देऊन पाहणी केली असता.' हे वाक्य लिहायला भेट द्यावी लागत नाही, पाहणीही करावी लागत नाही. पंख्याखाली बसून ते लिहिता येतं, आणि तसंच लिहिलं जातं. बातमीला जरा वजन येतं, एवढंच. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' असतं तसं ते आपलं येतंच. कुणी ते खरं धरून बसत नाही. मी ते गेल्याशिवाय लिहीत नसे. माझ्या अंगात फार तत्त्वं आहेत असं नाही. पण ज्या पेशात सगळंच दुसऱ्याचं असू शकतं, तिथं निदान आपण कुठं उभे होतो एवढं तरी आपलं असावं, असं मला वाटायचं.

आता ती बातमी.

पाचोडच्या पलीकडं एका गावात सरकारी दवाखाना आहे. गावाचं नाव राहू द्या. तिथली एक सिस्टर माझी लहानपणची मैत्रीण. आमची घरं एकाच गल्लीत होती. तिच्या अम्मीच्या हातची खिचडी आणि खट्टा खाऊन मी वाढले, आणि माझ्या आईनं तिला माझ्याबरोबर बसवून पाढे शिकवले. दवाखान्यात सगळ्यांना हे माहीत आहे. पाचोडकडं गेले की मी तिच्या क्वार्टरवर जेवते, ईदला ती डबा पाठवते. तर थंडीत एका दुपारी तिच्याकडून एक फोटो आला. खाली एवढंच लिहिलेलं, 'हे बघ. जमलं तर लिही. माझं नाव नको.'

बायकांच्या नसबंदीच्या ऑपरेशनचा कॅम्प होता. बिनटाक्याचं ऑपरेशन, म्हणजे दुपारपर्यंत उरकायचं आणि संध्याकाळी घरी पाठवायचं. बायका आल्या पुष्कळ आणि खाटा थोड्या. त्यामुळं ऑपरेशन झालेल्या बायका वॉर्डाच्या फरशीवर ओळीनं झोपवलेल्या होत्या. काहींखाली सतरंजी होती, काहींखाली तीही नव्हती. फोटो आतून काढलेला, उभ्यानं, घाईत. एका कोपऱ्यात कुणाचा तरी हात सलाईनच्या नळीसकट फरशीवर पडलेला दिसत होता.

मी दुसऱ्या दिवशी बसनं गेले. मैत्रिणीकडं मुद्दाम गेले नाही. दवाखान्यात आता सगळं झाडून पुसून स्वच्छ होतं, म्हणून वस्त्यांवर फिरले आणि ऑपरेशन झालेल्या दोघीतिघींना त्यांच्या घरी जाऊन भेटले. त्यातली एक, तिसऱ्या बाळंतपणानंतरची, अगदी तरुण. ती बाजेवर पडल्या पडल्या बोलली. नाव लिहू नका म्हणाली. मग म्हणाली, "फरशी लई गार व्हती, ताई. अंग थरथरत व्हतं, अन् जीभच उचलंना. कुणाला हाक बी मारता येईना." मी ते तसंच लिहून घेतलं. जेवढं मी पाहिलं नव्हतं तेवढं पाहिल्यासारखं लिहिलं नाही. चेहरे धूसर करून फोटो दिला. संपादकांनी ती बातमी तिसऱ्या पानावर, खालच्या बाजूला, शिकवणीच्या जाहिरातीशेजारी लावली. कुठं काही हललं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती मोठ्या पेपरात आली. पुरवणीचं पहिलं पान, वरची बाजू. फोटो आमचाच, फक्त खालची आमच्या नावाची पट्टी कापलेली, त्यामुळं सलाईनवाला हातही अर्धा कापला गेलेला. माझ्या बाजेवरच्या बाईचं बोलणंही होतं, पण तिला शुद्ध मराठी शिकवलेली: 'फरशी अत्यंत थंड होती, असे एका महिलेने सांगितले.' आणि सगळ्यात वर ते वाक्य. आमच्या प्रतिनिधीने वॉर्डात प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली असता.

त्या पेपरचा तिथला वार्ताहर मला ठाऊक होता. गावात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. पेपरची एजन्सी तोच चालवतो, वाढदिवसाच्या जाहिराती तोच आणतो आणि उरलेल्या वेळात बातम्याही तोच देतो. माणूस वाईट नाही. मी फोन केला.

"अभिनंदन," म्हटलं. "वॉर्डात कधी गेला होतास?"

"ताई, रागावू नका. वरून मिसिंग आलं. दोन तासांत पाठव म्हणले. तुमचाच फोटो व्हता गावातल्या ग्रुपवर."

"आणि प्रत्यक्ष पाहणी?"

"ते तर लिवावंच लागतं ना, ताई."

मी फोन ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात नव्या खाटा आल्या. त्या पेपरनं खाटांचा फोटो छापला, त्यावर 'आमच्या वृत्ताचा दणका' अशी तिरपी लाल पट्टी. मैत्रीण फोनवर इतकी खूश होती की माझं रडगाणं तिनं ऐकूनच घेतलं नाही. "खाटा आल्या ना? फिर? तुला हार पाहिजे का?" मला हारच पाहिजे होता, खरं सांगायचं तर. हार नको, एक ओळ. अमुक दैनिकानं हे आधी छापलं होतं, एवढी एक ओळ. पण तिच्यापुढं ते बोलताना माझी मलाच लाज वाटली.

त्या रविवारी हर्सूलच्या माझ्या घरी तो वार्ताहर आला. बरोबर त्याची वहिनी होती, थोरल्या भावाची बायको. बारीक चणीची, तिशीची बाई. ती त्याच दवाखान्यात कंत्राटावर आया होती, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कॅम्पच्या दिवशी बायकांच्या वॉर्डाच्या दारावर तिचीच ड्युटी होती. आत पुरुष सोडायचा नाही, हे तिचं काम.

मग माझ्या लक्षात आलं. पेपरात छापून आलं होतं की प्रतिनिधी वॉर्डात जाऊन आला. प्रतिनिधी म्हणजे हा, आणि दारावर याची वहिनी. आम्ही ज्या वाक्याकडं बघतही नाही, ते वाक्य गावानं शब्दशः वाचलं होतं.

"चुकलं, ताई," तो म्हणाला.

"काय चुकलं? बातमी उचललीस ते, का अंगाशी आलं ते?"

"आज काय बी बोला."

त्याची वहिनी चहाला हात लावत नव्हती. तिनं पदर आवळून घेतला आणि बोलायला सुरुवात केली, ती थांबलीच नाही. "मॅडम, हे त्या दिशी गावात बी नव्हते. लग्नाला गेल्ते. समदं घर लग्नाला, मी एकटी ड्युटीवर. अन् आता गाव म्हणायलंय, दीर-भावजयीनं मिळून माणूस आत घातला. बाया तशा उघड्या-वाघड्या पडल्या अन् मोबाइलवाला आत घातला. त्यांचे नवरे आल्ते दवाखान्यात, शिव्या देऊन गेले. सायबानं मला घरी बसवलंय. चौकशी हाय म्हणले. माझा मालक माझ्याशी बोलत नाय. भावाला काय म्हणता येत नाय, मग समदं माझ्यावर."

"मग तू सांग ना साहेबांना," मी त्याला म्हटलं, "मी लग्नात होतो म्हणून."

"सांगितलं. साहेब म्हणले, मग तू खोटा का पेपर खोटा? लिहून दे. तर मी लिहून देतो, ताई. बातमी माझी नाय, तुमच्या पेपरातून घेतली, मी पाऊल बी टाकलं नाय तिथं. समदं लिहून देतो. वरचे मला ठेवतील का काढतील, ते बघू." त्यानं घाम पुसला. "पण साहेब पुढचं बी विचारणार. फोटो तर आतूनच काढलाय. तू नाय, तर कुणी? म्हणून आधी तुमाला विचारायला आलो."

इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते. कुणीतरी समोर बसून म्हणेल, बाई, बातमी तुमची, मी लिहून देतो. मनातल्या मनात मी त्यावर भाषणंही तयार केली होती, बोचरी, ऐकणाऱ्याची मान खाली जाईल अशी. आणि तो माणूस खरोखर आला, तेव्हा त्यातलं एकही भाषण कामाचं नव्हतं. कारण आजवर साहेबांनी 'फोटो कुणी काढला' हे विचारलंच नव्हतं. विचारायची गरज नव्हती, पेपरनंच सांगून टाकलं होतं. त्या चोरीनं माझ्या मैत्रिणीला झाकलं होतं. बातमी माझी ठरली, की फोटो मला कुणी दिला, हा प्रश्न येणार. आणि त्या दवाखान्यात माझं कोण आहे, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

"मला एक-दोन दिवस दे," मी म्हटलं. त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि ती उठली. चहा तसाच राहिला.

मैत्रिणीला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती सुटीच्या दिवशी शहरात आली, मुलीसाठी कापड घ्यायचं होतं. आमच्या ऑफिसच्या खालच्याच दुकानात, गादीवर बसून, दुकानदार माळ्यावर चढून तागे काढत असताना मी तिला सगळं सांगितलं.

ती चष्मा नाकावर सरकवत लगेच म्हणाली, "मग बोल ना. मी दिला म्हणून बोल. त्या बेचारीची नोकरी का जावी? लई चांगली बाई आहे. माझ्या हाताखाली काम करते ती."

"तुझं काय होईल?"

"होऊन होऊन काय होईल? बदली होईल." हातातली ओढणी तिनं घडी केली, उलगडली आणि पुन्हा घडी केली. तिच्या नोकरीची थोडीच वर्षं राहिली होती. नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं आणि शहर जवळ असल्यामुळंच ते जमत होतं. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. दुकानदार तागे घेऊन आला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पेन्शनला तर काही नाही ना होणार गं?"

मी म्हटलं, "काही होणार नाही. तू कापड बघ."

मला सुचलं ते काही फार मोठं नव्हतं. पुरुष आत गेला म्हणून एवढा गदारोळ. बाई गेली असती तर? मी बाई आहे. जिल्ह्यातल्या त्या भागात हिंडणारी बहुतेक एकटीच बाई बातमीदार. माझ्या बाई असण्याचा या धंद्यात फायदा असा कधी झाला नव्हता. म्हटलं, आता एकदा होऊन जाऊ दे.

ठरलेल्या दिवशी दवाखान्याच्या साहेबांच्या खोलीत आम्ही दोघं उभे होतो, त्याची वहिनी बाहेर बाकावर. वार्ताहरानं त्याचा कागद दिला. साहेबांनी तो वाचला आणि त्याच्याकडं असं पाहिलं की मला त्याची कीव आली. मग ते माझ्याकडं वळले. "म्हणजे बातमी तुमची."

"हो."

"आणि फोटो?"

"मीच काढला. डोक्यावर पदर घेतला होता, हातात पिशवी होती. पेशंटची नातेवाईक म्हणून आत गेले. दारावर कुणी विचारलं नाही, गर्दी होती."

इतकं सराईतपणे मी कधी बोलले नव्हते. साहेबांनी आयाला आत बोलावलं. "या बाई आल्या होत्या त्या दिवशी?"

ती दिवसभर त्या दारावर होती. मी आले नव्हते, हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत मला आभार दिसले नाहीत. ही बाई कशासाठी हे करायली, याचा ती अंदाज घेत होती, आणि मला वाटतं, तिला तो आला. वॉर्डात त्या दिवशी कोण कोण होतं हे तिलाही ठाऊक होतंच की.

"लई बाया व्हत्या, साहेब," ती म्हणाली. "डोक्यावर पदर घेतलेल्या. आल्या असतील."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बाई माणूस होती ते बरं झालं," ते म्हणाले, आणि माझ्याकडून सगळं लिहून घेतलं. प्रत्यक्ष आत जाऊन छायाचित्र काढले, खाली माझी सही. मला सक्त ताकीद मिळाली, दवाखान्याच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही म्हणून. आयाला दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं. त्या क्षणापुरतं मला खरंच बरं वाटलं. बाहेर आल्यावर वार्ताहरानं मला रसवंतीवर रस पाजला आणि पुन्हा असं करणार नाही म्हणाला. मी म्हटलं, करशील रे, पण निदान आत गेलो होतो असं लिहू नकोस.

गावातल्या नवऱ्यांची समजूत पटावी म्हणून साहेबांनी त्या मोठ्या पेपरकडं खुलासा पाठवला आणि त्यांना तो छापावा लागला. आतल्या पानावर, बारीक अक्षरांत: सदर छायाचित्र अन्य एका दैनिकाच्या महिला प्रतिनिधीने वॉर्डात जाऊन काढले होते. माझ्या आयुष्यातलं पहिलं श्रेय ते. त्यातही पेपरचं नाव नाही, माझं नाव नाही, आणि जे केलं म्हणून दिलं ते मी केलेलं नाही. मी ते वाचलं, पेपरची घडी घातली. हसू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं.

आमच्या संपादकांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, नोटीस बिटीस आली असेल. ते दुखावले होते. "तुम्ही आत गेला होतात, फोटो स्वतः काढलात, तर हे तेव्हा का नाही लिहिलंत? मी पहिल्या पानावर घेतली असती."

मी म्हटलं, राहून गेलं.

मैत्रीण फोनवर रडली. मग रागावली. मग म्हणाली, तू फार शहाणी समजतेस स्वतःला. आमचं बोलणं थोडं कमी झालं, तुटलं नाही. उपकार झाल्यावर माणसांना एकमेकांशी बोलायला जरा अवघड जातं. ईदला डबा आला.

हे सगळं इथवर मला झेपलं होतं. थकवा होता, पण तो ओळखीचा होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी पाण्याच्या टँकरची बातमी करायला पाचोडला गेले, बाजाराचा दिवस बघून, म्हणजे आसपासच्या गावांतली माणसं एकाच जागी भेटतात. मिरच्यांच्या ढिगांपाशी एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. ती माझ्याकडं एकटक बघत होती, म्हणून मी थांबले. ती बाजेवर पडून बोलली होती, तीच. आता अंगानं भरली होती. मला मनापासून बरं वाटलं. मी पुढं होऊन पोराच्या गालाला हात लावला. तिनं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"ताई, तुमीच आत आल्ता म्हणं त्या दिशी," ती म्हणाली. "समदे म्हणायलेत. फोटो तुमीच काढला."

बाजारात होय म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर मैत्रीण उघडी. माझं गप्प बसणं तिला होय वाटलं, आणि वाटावं म्हणूनच मी गप्प होते.

"मंग घरी येऊन मला कामून इचारलं, लई गार व्हती का फरशी म्हणून? तुमी तर उभ्याच व्हता तिथं."

ती भांडत नव्हती. आवाजही चढला नव्हता. तिला ते खरंच समजत नव्हतं आणि ती मला विचारत होती.

"माझा पदर सरकला व्हता. मला कळत व्हतं, पर हात उचलंना. त्या सिस्टर हायेत ना, चष्म्यावाल्या, त्या आल्या अन् त्यांनी सोताची शाल टाकली माझ्या अंगावर. पाय बी झाकले. तवा कुठं जिवात जीव आला." तिनं पोराचं टोपरं सारखं केलं. "तुमी बी बाईमाणूस. फोटू काढायच्या आधी पदर तरी सारखा करायचा व्हता माझा."

मी म्हटलं, "चुकलं गं."

ती मान हलवून मिरच्यांकडं वळली आणि भाव विचारायला लागली. मी टँकरची बातमी न करताच परतीच्या बसला लागले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ऑफिसला फोन करून सांगितलं की आज काही मिळालं नाही, उद्या दुसऱ्या कुणाच्या पेपरात आली तर त्यातून घ्या.